रांगेत थांबलेल्या गाडीचा पंखा

फाल्गुनात मढीच्या कानिफनाथांची यात्रा भरते. नगरहून पाथर्डीकडे निघालेल्या गाड्या करंजी घाटात एकामागे एक तुंबतात. बाहेर ऊन, आत एसी, चाकं जागच्या जागी. अशा वेळी बॉनेटखालून घोंघावणारा आवाज येतो आणि एसीची हवा क्षणभर मंदावते. रेडिएटरचा पंखा चालू झालेला असतो.

अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या जीपचा पंखा इंजिनाच्या बेल्टवरच फिरे. इंजिन मंद झालं की पंखाही मंद, म्हणजे जिथे वाऱ्याची खरी निकड, तिथेच त्याची ताकद कमी. घाटात बॉनेट उघडून, पाण्याचा कॅन घेऊन उभ्या असलेल्या गाड्या त्या पिढीने पुष्कळ पाहिल्या. (नगरच्या कायनेटिकच्या लूनाला ही कटकट नव्हती. तिचं इंजिन उघड्या वाऱ्यानेच थंड व्हायचं.) डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं आणि रेडिएटर पुढे तोंड करून, त्यामुळे बेल्टने पंखा फिरवणं गैरसोयीचं. तिथे विजेचा पंखा आला. पाणी तापलं की चालू, निवलं की बंद, मग इंजिन कितीही मंद फिरो.

पंखा इंजिनाच्या वेगापासून सुटला, पण त्याची वीज सुटली नाही. ती देणारा अल्टरनेटर आजही बेल्टवरच आहे. ७० अँपिअरचा अल्टरनेटर आयडलिंगला त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. आता संध्याकाळच्या रांगेचा ढोबळ हिशेब मांडा: हेडलाइट ८ ते ९ अँपिअर, एसीचा ब्लोअर १२, कॉम्प्रेसरचा क्लच ३ ते ४, इंजेक्शन-इग्निशन-पंप मिळून १०, आणि रेडिएटरचा पंखा १५ ते २०. बेरीज पन्नाशीला पोचते. तूट बॅटरी भरून काढते, म्हणजे चार्जिंगला लावलेली बॅटरीच उतरू लागते. पंखा सुरू होतानाचा झटका तर चालू प्रवाहाच्या कितीतरी पट असतो. दिवे क्षणभर मंद होतात ते त्यामुळेच.

या झटक्यावर कंट्रोलरचा उपाय आहे. साधा रिले पंखा एकदम पूर्ण वेगाने सोडतो. काही गाड्यांत मंद वेगासाठी मध्ये रेझिस्टर घालतात. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी ताकद आठव्या हिश्श्यावर येते. रेझिस्टरच्या वाटेने मात्र बॅटरीकडून पाव हिस्सा घ्यावा लागतो आणि त्यातला निम्मा रेझिस्टर गरम करण्यात जातो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर प्रवाह सेकंदात शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करून सरासरी कमी करतो, म्हणून त्याची नासाडी थोडी. शिवाय तो पंखा हळूहळू वेगावर आणतो, त्यामुळे झटका ओसरतो. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा संगणक पंखा लावताना आयडलिंग किंचित वाढवतो. अल्टरनेटरला आधी बळ, मग काम. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

आणि सर्वांत वेडी गोष्ट म्हणजे ‘फॅन डायरेक्ट करणं’. सेन्सर किंवा रिले गेला की काही ठिकाणी पंख्याची तार थेट चावीच्या लाइनवर जोडून देतात. गाडी गरम होत नाही, गिऱ्हाईक खूश. पण मग पहाटेच्या गारठ्यातही पंखा पूर्ण वेगाने फिरतो, इंजिन तापायला वेळ लागतो, मोटरचे ब्रश झिजतात आणि पंधरा-वीस अँपिअरचं ओझं अल्टरनेटरच्या मानेवर कायमचं बसतं. जाडी न पाहता वापरलेली तार तापते ती वेगळीच. शंका आली तर आयडलिंगला सगळं चालू ठेवून बॅटरीच्या टोकांना मीटर लावावा. १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसले तर ठीक. आकडा १२.६च्या खाली जाऊन इंजिन किंचित वाढवल्यावरही तिथेच रेंगाळला, तर अल्टरनेटर, बेल्ट आणि अर्थिंग तिन्ही तपासायला हवं.

आणखी एक. गार इंजिनवर, एसी बंद असतानाही पंखा सकाळी सकाळी पूर्ण जोराने घोंघावू लागला, तर तो उगाच चालला आहे असं समजून त्याची तार तोडू नये. तापमानाचा संदेश मिळेनासा झाला की बऱ्याच गाड्या इंजिन वाचवण्यासाठी पंखा मुद्दाम चालू ठेवतात. आधी सेन्सरचा प्लग सैल झालाय का ते पाहावं.