इंग्रजीत २७वं अक्षर का येत नाही? एका नाटककाराने तर त्यासाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले होते!

'चुपके चुपके' मधला तो प्रसंग आठवतोय? ड्रायव्हर बनून आलेला धर्मेंद्र अगदी निरागस चेहऱ्याने ओम प्रकाशला विचारतो, की टी-ओ 'टू' होतं, डी-ओ 'डू' होतं, मग जी-ओ 'गो' कसं काय? ओम प्रकाश वैतागतो आणि आपण पोट धरून हसतो.

पण प्रश्न काही चुकीचा नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी 'पुट' आणि 'बट' च्या नादात वहीची पानंच्या पानं भरली आहेत. बाराखडी एकदा आली की मराठीतला कुठलाही नवा शब्द वाचता येतो, इंग्रजीत मात्र प्रत्येक स्पेलिंग वेगळं पाठ करावं लागतं.

कारण साधं आहे. इंग्रजी बोलायला साधारण ४४ ध्वनी लागतात आणि लिहायला अक्षरं आहेत २६. त्यातही सी, क्यू आणि एक्स यांचं बरंचसं काम के आणि एस मिळून करू शकतात. उलट 'श', 'च', 'थ' यांच्यासाठी स्वतंत्र अक्षरच नाही, दोन-दोन अक्षरांची जोडी लावावी लागते.

मग सरळ एखादं नवीन अक्षर बनवून टाकलं तर?

ही कल्पना आजवर अनेकांना सुचली आहे, आणि ते लोक काही ऐरेगैरे नव्हते. त्यात एक रोमन सम्राट आहे, अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक आहे आणि नोबेल मिळालेला एक नाटककारही आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ही २६ अक्षरं काही आभाळातून पडलेली नाहीत. रोमन लोकांकडे पूर्वी 'ग' साठी अक्षर नव्हतं, 'क' आणि 'ग' दोन्हीसाठी ते सी वापरायचे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याच सी ला एक छोटी रेघ जोडून जी तयार झाला. डब्ल्यूचं तर नावच त्याची जन्मकथा सांगतं, दोन यू शेजारी ठेवले की 'डबल यू'! आणि जे हे अक्षर इतकं नवीन आहे, की १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत 'जीझस' हे नाव आयने सुरू होतं. आय आणि जे ही दोन वेगळी अक्षरं आहेत हे इंग्रजीत पक्कं व्हायला सतरावं शतक उजाडलं.

म्हणजे अक्षरं वाढू शकतात. आणि गंमत म्हणजे, ती हरवूही शकतात.

जुन्या इंग्रजीत 'थ' साठी एक स्वतंत्र अक्षर होतं, त्याचं नाव 'थॉर्न'. पी या अक्षराचं पोट काठीच्या मधोमध सरकवलं तर जसं दिसेल तसं ते दिसायचं. पुढे लोक त्याच्या जागी टीएच लिहू लागले आणि ते मागे पडत गेलं. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना सुरू केला तेव्हा यंत्रं आणि खिळे बनवण्याची कला युरोप खंडातून आली होती, आणि तिथल्या खिळ्यांच्या पेटीत थॉर्न नव्हता. एव्हाना हस्ताक्षरात थॉर्न जवळपास वायसारखा दिसू लागला होता. छापणाऱ्यांनी काय केलं, तर वायचाच खिळा लावून वेळ मारून नेली.

इंग्लंडमधल्या जुन्या धाटणीच्या दुकानांवर आजही 'ये ओल्ड' अशी पाटी दिसते ना? तो 'ये' मुळात 'ये' नव्हताच. तो थॉर्न असलेला 'द' आहे! कोणीही जुना इंग्रज 'ये ओल्ड' म्हणत नव्हता.

असाच 'योग' नावाच्या अक्षराचा बळी गेला (आपल्या योगाशी त्याचा काही संबंध नाही). स्कॉटलंडमध्ये त्याच्या जागी झेड छापला जाऊ लागला. म्हणून तिथलं 'मेंझीज' असं लिहिलं जाणारं आडनाव पारंपरिक उच्चारात 'मिंगिस' आहे. आइसलँडच्या भाषेने मात्र थॉर्न सोडला नाही, तो तिथे आजही रोजच्या वापरात आहे.

आता येऊ ज्यांनी ठरवून अक्षरं बनवली त्यांच्याकडे.

पहिला नंबर सम्राट क्लॉडियसचा. इसवी सन ४१ ते ५४ हा त्याचा काळ. या गड्याने लॅटिनमध्ये तीन नवी अक्षरं आणली. सम्राटच तो, नाही कोण म्हणणार? त्याच्या काळातल्या शिलालेखांवर ती अक्षरं कोरलेली सापडतात. तो मेला आणि अक्षरंही गेली. राजाची आज्ञा दगडावर चालली, लोकांच्या हातात ती उतरली नाही.

त्यानंतर थेट १७६८ सालात येऊ. विजेवरच्या प्रयोगांमुळे आपल्याला माहीत असलेला बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्ये राहत होता. त्याने नवी इंग्रजी वर्णमालाच मांडली. सी, जे, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय या सहा अक्षरांना नारळ दिला आणि सहा नवी अक्षरं बनवली. मग घरमालकिणीची मुलगी पॉली स्टीव्हन्सन हिला त्याबद्दल कळवलं.

पॉलीने उत्तर पाठवलं, तेही त्याच नव्या अक्षरांत! पण त्यात तिने नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. असं लिहू लागलो तर शब्द कुठून आला हे स्पेलिंगवरून कळणार नाही, ऐकायला सारखे पण अर्थाने वेगळे असलेले शब्द ओळखता येणार नाहीत, आणि आतापर्यंत छापलेली सगळी पुस्तकं निकामी होतील, असं तिचं म्हणणं होतं. फ्रँकलिनने तिला तपशीलवार उत्तर दिलं, पण खरं सांगायचं तर तिच्या शेवटच्या मुद्द्याला आजवर कोणालाच धड उत्तर सापडलेलं नाही.

पुढे फ्रँकलिनने आपली ही योजना नोआ वेबस्टरच्या हाती सोपवू पाहिली. हा तोच वेबस्टर, ज्याचा शब्दकोश प्रसिद्ध आहे. वेबस्टर हुशार निघाला. त्याने नवं अक्षर एकही घेतलं नाही, आहेत त्याच अक्षरांत थोडी काटछाट केली. अमेरिकन स्पेलिंगमध्ये 'कलर' मधला यू गायब असतो ती त्याचीच कृपा. ती काटछाट टिकली, कारण त्यासाठी कोणाला नवीन खिळा ओतावा लागला नाही की नवीन काही शिकावं लागलं नाही.

आणि आता या कथेचा खरा नायक, जॉर्ज बर्नार्ड शॉ.

शॉ आपल्याला परका नाही. पुलंची 'ती फुलराणी' ज्या नाटकावरून आली ते 'पिग्मॅलियन' शॉचं. भक्ती बर्वेंची मंजुळा ज्याच्या तावडीत सापडते, तो उच्चारांचं वेड असलेला प्राध्यापक मुळात शॉचा. उच्चार आणि लिहिणं यातली दरी हा शॉचा आयुष्यभराचा विषय होता. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फुकटची अक्षरं लिहिण्यात माणसांचा किती वेळ आणि कागद वाया जातो, याचे तो हिशोब मांडायचा. स्वतः मात्र पिटमनच्या शॉर्टहँडमध्ये नाटकं लिहून मोकळा व्हायचा!

इथे एक थांबा घेऊ, कारण एक मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेला असेल. जीएचओटीआय या स्पेलिंगचा उच्चार 'फिश' होतो असं शॉने दाखवून दिलं, असा तो मेसेज. 'इनफ' मधल्या जीएचचा 'फ', 'विमेन' मधल्या ओचा 'इ' आणि 'नेशन' मधल्या टीआयचा 'श'. आपल्याला ते स्पेलिंग वाचून आधी इगतपुरीजवळचं घोटीच आठवणार, ते सोडा. पण हा विनोद शॉचा नाही. १८५५ सालच्या एका पत्रात तो सापडतो आणि शॉचा जन्म आहे १८५६ चा. पुढच्या वेळी फॉरवर्ड करताना तेवढं लक्षात ठेवा.

२ नोव्हेंबर १९५० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी शॉ गेला. मृत्युपत्र उघडलं तर त्यात लिहिलेलं, की माझ्या मालमत्तेचं २१ वर्षांचं उत्पन्न इंग्रजीसाठी नवीन वर्णमाला बनवण्यावर खर्च करा. अक्षरं किमान ४० हवीत, एका ध्वनीला एक अक्षर हवं, आणि माझं 'अँड्रोक्लिस अँड द लायन' हे नाटक त्या लिपीत छापा.

आणि उच्चार कोणाचा धरायचा? तर राजे पाचवे जॉर्ज यांच्यासारखा!

हीच खरी मेख आहे. बोलतो तसं लिहायचं ठरवलं, तर बोलतो म्हणजे नक्की कोण? स्कॉटिश माणसाचा आर कडक वाजतो, लंडनच्या माणसाचा शब्दाच्या शेवटी ऐकूच येत नाही. उद्या मराठीत प्रत्येकाने बोलतो तसं लिहायचं ठरलं, तर पुण्याचं 'पाणी' आणि नागपूरचं 'पानी' हे दोन वेगळे शब्द होतील, आणि मग शुद्ध कोणतं यावर फेसबुकवर जे महाभारत होईल ते वेगळंच.

मृत्युपत्राचं प्रकरण कोर्टात गेलं. उरलेली मालमत्ता ज्यांना मिळणार होती त्यात ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्था होत्या. दरम्यान १९५६ मध्ये 'पिग्मॅलियन' वरून बनलेलं 'माय फेअर लेडी' तुफान चाललं आणि शॉच्या मागे राहिलेल्या पैशांत मोठी भर पडू लागली. १९५७ मध्ये कोर्टाने वर्णमालेसाठीची ती तरतूद रद्द ठरवली. त्यानंतर तडजोड झाली आणि वर्णमालेच्या वाट्याला ८,३०० पौंड आले.

त्यातून ५०० पौंडांच्या बक्षिसाची स्पर्धा जाहीर झाली. ४६७ प्रवेशिका आल्या. बक्षीस चौघांत वाटलं गेलं आणि त्यातल्या किंग्स्ली रीड यांच्या आराखड्यावरून लिपी पक्की झाली. तिचं नाव 'शेव्हियन', अक्षरं ४८. ती बघितली की आपल्याला आपली वर्णमाला आठवल्याशिवाय राहत नाही. 'प' चं अक्षर उलटं फिरवलं की 'ब' होतो, 'त' उलटा फिरवला की 'द'. आपल्या व्याकरणकारांनी वर्ग पाडून जे साधलं, ते इथे आकारातच घातलेलं आहे. मला विचाराल तर इंग्रजीसाठी याहून देखणी लिपी कोणी बनवलेली नाही.

१९६२ मध्ये पेंग्विनने ते नाटक छापलं, एका पानावर नेहमीची इंग्रजी आणि समोरच्या पानावर शेव्हियन. प्रती वाचनालयांना फुकट पाठवल्या गेल्या. आणि एवढं होऊनही त्या लिपीतलं मोठ्या प्रकाशकाचं हे पहिलं पुस्तक जवळपास शेवटचंच ठरलं.

नेमकं चुकलं कुठे? अक्षरांत काहीच चुकलं नव्हतं. पण ज्याला इंग्रजी वाचता येतं, त्याला ही लिपी शिकून मिळणार काय? आणि ज्याला येत नाही, त्याने ही शिकली तर तो वाचणार काय? एकच नाटक?

मुलांवर हा प्रयोग खरोखर झाला आहे. १९६१ मध्ये ब्रिटनच्या काही शाळांत सर जेम्स पिटमन यांची ४४ अक्षरांची वर्णमाला सुरू झाली. शॉ ज्या शॉर्टहँडमध्ये लिहायचा ती बनवणाऱ्या पिटमनचे हे नातू. आधी सोप्या अक्षरांत वाचायला शिकवायचं आणि साधारण सातव्या वर्षी नेहमीच्या अक्षरांवर आणायचं, अशी योजना होती. बरीच मुलं भराभर वाचू लागली. पण घराबाहेरची पाटी, आईने लिहिलेली चिठ्ठी, दादाचं पुस्तक, सगळं जुन्याच अक्षरांत! मग अक्षरं बदलायची वेळ आली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. सत्तरच्या दशकात हा प्रयोग विरत गेला. त्यात शिकलेले काही जण आज साठी ओलांडल्यावरही सांगतात, की आमचं स्पेलिंग तेव्हा बिघडलं ते बिघडलंच.

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पॉल मॅथिस या रेस्टॉरंट व्यावसायिकाने फक्त एकच अक्षर मागितलं. 'अँड' साठी जर खास चिन्ह आहे, तर त्याहून जास्त वेळा येणाऱ्या 'द' साठी का नको? त्याने कॅपिटल टी आणि छोटा एच चिकटवून चिन्ह बनवलं, फोनच्या कीबोर्डचं ॲपही काढलं. लगेच लोकांनी दाखवून दिलं, की हुबेहूब असं अक्षर सर्बियन भाषेत आधीपासून आहे आणि त्याचा उच्चार 'च' च्या जवळचा आहे!

मग नवं चिन्ह कधीच रुजत नाही का? रुजतं की. आपलं रुपयाचं चिन्ह बघा. जुलै २०१० मध्ये सरकारने ते स्वीकारलं, त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं, नोटांवर, नाण्यांवर, कीबोर्डवर गेलं. आज भाजीवाल्याच्या पाटीवरही ते दिसतं. कारण ते न शिकता कळत होतं आणि त्यासाठी जुनं काहीही फेकावं लागलं नाही.

मराठीने तर अक्षरही घेतलं आहे. 'बॅट', 'ॲप', 'ऑफिस' असे शब्द आले तेव्हा आपण 'अ' आणि 'आ' वर चंद्र काढला आणि कामाला लागलो. २००९ च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' ला वर्णमालेत अधिकृत जागा दिली, तोवर सगळा महाराष्ट्र ते कधीच लिहू लागला होता.

दुसरीकडे 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च, किंवा 'जरा थांब' मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला ज, हे उच्चार वेगळे असूनही त्यांना वेगळी अक्षरं नाहीत. आपलं काही अडलेलं नाही. मराठी शिकणाऱ्या अमराठी माणसाचं अडतं, पण नियम बनवताना त्याला कोण विचारतो!

जाता जाता एक गोष्ट. शॉची शेव्हियन लिपी जगात मोजकेच हौशी लोक वापरतात, तरी २००३ मध्येच तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. आपला 'ॲ' कोट्यवधी लोक रोज लिहीत होते. त्याला स्वतःचा कोड मिळाला २००८ मध्ये. तोवर आपण 'अ' टाइप करून त्यावर वेगळा चंद्र चढवत होतो, आणि कित्येक फोनवर तो चंद्र 'अ' च्या शेजारी ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसायचा.