बॉनेट झरोके

बॉनेट झरोके म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनावरील झाकणात (बॉनेटमध्ये) इंजिनकक्षातील तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून ठेवलेल्या किंवा नंतर पाडलेल्या फटी. मागे झुकलेल्या पट्ट्यांच्या रांगेला लूव्हर म्हणतात. शर्यतीच्या आणि काही वेगवान गाड्यांत असे झरोके कारखान्यातूनच येतात. भारतात मात्र जुन्या जीप, डिझेल गाड्या आणि हौसेने बदललेल्या गाड्यांवर ते बहुधा स्थानिक गॅरेजमध्ये पत्रा कापून बसवले जातात. धाराशिव जिल्ह्यासारख्या उष्ण, कोरड्या आणि चढउताराच्या प्रदेशात हा उपाय आकर्षक वाटतो. त्याचा उपयोग मात्र झरोका कोठे पाडला आहे आणि गाडी किती वेगाने चालते यांवर अवलंबून असतो.

झरोका आणि हवाघंटी

बॉनेटवरील प्रत्येक छिद्राचे काम सारखे नसते. झरोका हवा बाहेर सोडतो, तर समोर तोंड असलेला उंचवटा (स्कूप) हवा आत घेतो. २००९ पासून भारतात विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या टोयोटा फॉर्च्युनरच्या ३ लिटर डिझेल गाडीवर आणि महिंद्रा स्कॉर्पिओच्या काही डिझेल आवृत्त्यांवर दिसणारा उंचवटा इंजिनाच्या माथ्यावरील इंटरकूलरला थंड हवा पुरवण्यासाठी आहे. कक्ष रिकामा करण्यासाठी नाही. बाजारात मिळणारे चिकटवायचे प्लॅस्टिकचे उंचवटे यांपैकी काहीच करत नाहीत.

उष्णतेचा हिशेब

इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग उपयुक्त कामात येतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला बराचसा शीतद्रवामार्फत रेडिएटरकडे येतो. शीतद्रवाचे तापमान थर्मोस्टॅट राखतो. तो साधारणतः ८२ ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान उघडू लागतो. त्यामुळे शीतन यंत्रणा निरोगी असेल, तर झरोके पाडून तापमानाचा काटा सहसा खाली येत नाही. बदलतो तो कक्षातील हवेचा ताप, आणि त्याचा परिणाम रबरी नळ्या, तारांची वेष्टने, बॅटरी व इंजिनात जाणारी हवा यांवर होतो.

धाराशिव शहर बालाघाट डोंगररांगेच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात येथील दिवसाचे कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. शीतद्रव ९५ अंशांवर असेल, तर २० अंशांच्या हवेत रेडिएटरला ७५ अंशांचा फरक मिळतो. ४० अंशांच्या हवेत तो ५५ उरतो. उष्णता टाकण्याची क्षमता या फरकाच्या प्रमाणात असल्याने ती एक चतुर्थांशाहून थोडी अधिक घटते. शिवाय या उंचीवर आणि या तापमानात हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.०४ किलोग्रॅम भरते. समुद्रसपाटीवर १५ अंशांना ती १.२२५ असते. पंख्याने तेवढीच हवा ओढली, तरी तिच्यासोबत उष्णता कमी जाते. वातानुकूलन चालू असेल तर रेडिएटरपुढील कंडेन्सर याच हवेला आधीच तापवून ठेवतो.

दाबाचा नकाशा

हवा आपणहून अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. चालत्या गाडीच्या जाळीसमोर दाब सर्वांत जास्त असतो. बॉनेटची पुढील कड ओलांडताना हवेचा वेग वाढतो आणि तेथे दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. मागे सरकत जावे तसा तो वाढतो आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी पुन्हा जास्त होतो. प्रवाशांच्या कक्षासाठी ताजी हवा घेणारी जाळी काचेखाली ठेवण्यामागचे कारण हेच आहे.

यावरून झरोक्याची योग्य जागा ठरते: रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढील भागात. तेथील कमी दाब रेडिएटरमधून आलेली हवा वर खेचतो; झरोक्याच्या पुढच्या कडेला उभी लहान पट्टी दिल्यास ही ओढ आणखी वाढते. बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची बाजू उचलण्याचा स्वस्त उपाय अनेक गॅरेजांत केला जातो. उभ्या गाडीत त्या फटीतून गरम हवा निघताना दिसते आणि मालकाचे समाधान होते. वेग घेतल्यावर मात्र काचेजवळचा दाब त्याच फटीतून हवा आत ढकलू शकतो. मग कक्षातील दाब वाढून रेडिएटरमधील प्रवाह उलट मंदावतो. इंजिनाचा वास आणि ताप प्रवाशांच्या कक्षात येण्याची शक्यताही वाढते.

वेगाचे गणित आणखी कठोर आहे, कारण हवेचा गतीजन्य दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. धाराशिवच्या उन्हाळी हवेत ताशी ८० किलोमीटरला तो सुमारे २६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या २६ मिलिमीटर उंच स्तंभाएवढा असतो. वेग ताशी २० किलोमीटरवर आला की त्याचा फक्त सोळावा भाग, सुमारे १६ पास्कल, शिल्लक राहतो. गाड्या तापण्याच्या तक्रारी नेमक्या अशाच मंद वेगात येतात. सोलापूरच्या सुमारे ४५० मीटर उंचीवरून तुळजापूरच्या पठारावर चढणारी भरलेली गाडी, येडशीजवळच्या घाटातील रांग, नवरात्रात तुळजापुरात मुंगीच्या पावलाने सरकणारी वाहने, या सर्व ठिकाणी झरोक्याची ओढ जवळजवळ संपलेली असते आणि भिस्त पंख्यावर राहते. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग ५२ किंवा नळदुर्ग–उमरगा मार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्ग ६५ यांच्या सपाट, मोकळ्या टप्प्यांवर झरोके अधिक परिणामकारक ठरतात. पण तेथे बहुतेक गाड्यांना त्यांची गरज नसते.

गाडी थांबवल्यावर एक फायदा मात्र निर्विवाद आहे. इंजिन बंद होताच पाण्याचा पंप थांबतो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व टर्बोचार्जर यांत साठलेली उष्णता काही मिनिटे कक्षात पसरत राहते. वर वाट असेल तर ती हवा धुराड्याप्रमाणे निघून जाते.

जुन्या गाड्यांचा अनुभव

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील अनेक मोटारींच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना उभ्या फटींच्या रांगा असत. कार्ब्युरेटरच्या काळात ताप हा इंधनाचाही प्रश्न होता. उन्हाळ्यात पंपातील किंवा नळीतील पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडर या गाड्यांचे चालक त्यासाठी इंधनपंपावर ओले फडके गुंडाळत. पाण्याचे बाष्पीभवन पंप थंड ठेवी. इंजेक्शन प्रणालीत पंप सहसा टाकीत असतो आणि इंधन दाबाखाली राहते, म्हणून हा त्रास आता क्वचितच होतो.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी उद्बोधक आहे. त्याच्या झाकणाला बाजूने मोठ्या जाळ्या असतात आणि वेग कमी असल्याने शीतन पूर्णपणे पंख्यावर चालते. गाळप हंगामात पाचटाचे तुकडे आणि धूळ जाळीवर बसली की ट्रॅक्टर तापतो. झाकणात कितीही फटी असल्या तरी हवा आत येण्याची वाटच बंद झालेली असते. मोटारगाडीतही पत्रा कापण्याआधी याच क्रमाने पाहणे श्रेयस्कर आहे: रेडिएटरची बाहेरील जाळी, शीतद्रवाची पातळी व मिश्रण, टोपीची दाबझडप, थर्मोस्टॅट, पंखा व त्याचा आवरणपत्रा. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा थर बसतो, आणि तो कोणत्याही झरोक्याने निघत नाही. रेडिएटरच्या कडेच्या मोकळ्या जागा फोम किंवा रबरी पट्टीने बुजवल्यास आलेली हवा बाजूने न निसटता गाभ्यातूनच जाते. हा काही रुपयांचा उपाय आहे आणि कापलेल्या बॉनेटपेक्षा पुष्कळदा अधिक गुणकारी ठरतो.

बसवताना

जागा अंदाजाने न ठरवता मोजता येते. बॉनेटवर लोकरीचे छोटे धागे चिकटवून मोकळ्या रस्त्यावर त्यांची दिशा पाहिली की प्रवाह कोठे पृष्ठाला धरून आहे ते कळते. दाबातील फरकासाठी पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी पुरते; तिचे एक टोक इंजिनकक्षात आणि दुसरे नियोजित जागी पृष्ठालगत ठेवतात. वाचन चालकाने नव्हे, सोबत्याने करावे.

बॉनेटच्या खालच्या बाजूचा सांगाडा पत्र्याला ताठपणा देतो आणि अपघातात बॉनेट कोठे दुमडावे हेही ठरवतो. तो कापू नये. कापलेल्या कडांना गंजरोधक थर आणि गोलाई लागते. धारदार कड पादचाऱ्यासाठी घातक असते. झरोक्याखाली अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, फ्यूजपेटी किंवा हवा-गाळणीचे तोंड येत असल्यास पावसाळ्यासाठी पाणी बाजूला वळवणारे पन्हळ द्यावे लागते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बॉनेटवरील झरोक्यांचा नोंदणी प्रमाणपत्रात स्वतंत्र रकाना नसतो. त्यामुळे पत्रा कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचे मत घेणे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवणे सोयीचे ठरते. धाराशिव जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-२५ या क्रमांकाखाली होते.