जुन्या ट्रकचा क्लच : दुरुस्तीआधी समजून घ्या



भेस्तान, उधना, पांडेसरा या भागांतल्या आपल्या अनेक कुटुंबांची मुळे खानदेशात आहेत. कोणाचे आजोबा लूमवर आले, तर कोणाचे मालट्रक घेऊन. सुरत–धुळे रस्त्यावर नवापूरच्या पुढे कोंडाईबारी घाट लागतो. ‘घाटात क्लच जळाला’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी घरात ऐकले असेल. आता काही घरांतली तरुण मुले वाडवडिलांची जुनी गाडी पुन्हा उभी करायची म्हणतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

आपल्याकडे जुना ट्रक म्हटला की दोन नावे आधी आठवतात. एक मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडत. दुसरे टाटा-मर्सिडीज-बेंझ. हे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले. जर्मन कंपनीशी असलेला करार १९६९ साली संपला. त्यानंतर पुढच्या जाळीवरचा तारा गेला आणि टाटांचे स्वतःचे चिन्ह आले.

क्लच काय करतो?

इंजिनच्या मागे फ्लायव्हील फिरत असते. तिच्यावर क्लच प्लेट बसते आणि स्प्रिंगांच्या जोरावर प्रेशर प्लेट तिला घट्ट दाबून धरते. त्यामुळे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पाय दाबला की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देते, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. म्हणजे दोष दोनच प्रकारचे मोठे : नीट धरत नाही, किंवा नीट सोडत नाही.

लक्षण पाहा, मगच पाना उचला

इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतो आहे. प्लेट झिजली असेल, स्प्रिंग मऊ पडल्या असतील, प्लेटवर तेल आले असेल किंवा पेडलला मोकळा खेळच उरला नसेल.

गिअर टाकताना करकर होते, तर क्लच सुटत नाही. खेळ जास्त झाला असेल, लिंकेजच्या पिना आणि बुश झिजले असतील किंवा प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकत नसेल.

गाडी उचलताना थरथरते, तर तेलकट प्लेट, चरे पडलेली फ्लायव्हील किंवा ढिले इंजिन माउंटिंग बघा.

पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर आधी रिलीज बेअरिंगवर संशय घ्या.

प्रथम पेडलचा खेळ आणि बाहेरचे लिंकेज तपासा. पुष्कळ वेळा दोष तिथेच सापडतो आणि गिअरबॉक्स उतरवायची गरज पडत नाही. खेळाचे नेमके माप त्या गाडीच्या पुस्तकात पाहावे.

उभ्या गाडीचा खास रोग

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रकची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने दोन-चार दिवस तसेच अडकवून ठेवावे, कधीकधी एवढ्याने सुटते. गिअरमध्ये स्टार्टर मारून झटक्याने सोडवण्याचा सल्ला काही जण देतात. वस्तीच्या गल्लीत हे अजिबात करू नका. क्लच सुटला नाही तर पेडल दाबलेले असूनही गाडी पुढे जाईल, आणि समोर मुले खेळत असतील.

उतरवताना

बॅटरी काढा, चाकांना उटी लावा, गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. खाली पक्के स्टँड हवेतच. ट्रकचा गिअरबॉक्स हा दोघांनी हातांवर झेलायचा नग नाही, त्याला ट्रॉली जॅक लागतो. काढताना किंवा बसवताना त्याचे वजन शाफ्टवर लटकले तर प्लेट वाकते आणि नवी प्लेटही पहिल्या दिवसापासून त्रास देते.

जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुप्फुसाला घातक आहे. हवेच्या पाइपने उडवू नका, कोरडी झाडू नका. योग्य मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून वेगळे ठेवा. हे काम चालू असताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

बसवताना

प्रेशर प्लेट काढण्यापूर्वी तिच्यावर आणि फ्लायव्हीलवर खूण करा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा, बसवतानाही तसेच. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर लेथवाल्याला दाखवा. प्लेटची बाजू उलटी होऊ देऊ नका आणि जुना शाफ्ट घालून ती बरोबर मध्यावर आणा. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसट लावा, जास्त लावले तर तेच प्लेटवर उडते.

आमच्या घरच्या गाडीत आम्ही घाईने नवी प्लेट टाकली आणि महिन्याभरात क्लच पुन्हा घसरू लागला. इंजिनचे मागचे ऑइल सील गळत होते, ते कोणी पाहिलेच नव्हते. सील स्वस्त होते. पण गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागला. म्हणून प्लेट जळाली की ‘का जळाली’ हे आधी शोधा.

आपल्या मंडळींत या कामात आयुष्य घातलेले ज्येष्ठ मिस्त्री आणि ड्रायव्हर आहेत. पाना हातात घेण्याआधी त्यांच्याजवळ तासभर बसा. आवाजावरून दोष ओळखण्याची त्यांची विद्या पुस्तकात मिळत नाही, आणि ती पुढच्या पिढीकडे यायला हवी. मग दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालाल, तेव्हा ती नुसती सजलेली नसेल, चालतीही असेल.