उसाच्या वाढ्याचा मुरघास

उसाच्या वाढ्याचा मुरघास हा ऊसतोडणीच्या वेळी छाटल्या जाणाऱ्या हिरव्या शेंड्यापासून, म्हणजे वाढ्यापासून, हवाबंद आंबवण करून तयार केलेला जनावरांचा चारा होय. गाळप हंगामात वाढे मुबलक असते आणि हंगाम संपताच ते दिसेनासे होते. नेमक्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई भासते. ही तफावत भरून काढणे हा या मुरघासाचा मुख्य हेतू आहे.

पार्श्वभूमी

हिरवा चारा खड्ड्यात दाबून टिकविण्याची पद्धत जुनी आहे. फ्रान्समधील ओग्युस्त गोफार यांनी मक्याच्या मुरघासावरील आपले पुस्तक १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्यावर तिचा प्रसार वाढला. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी चाऱ्यात सौम्य आम्ल मिसळून तो टिकविण्याची रीत शोधली. १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कार्याचा विशेष उल्लेख होता.

महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात वाढे ताजेच खाऊ घालण्याची रूढी आहे. ऊसतोड मजूर आपल्या बैलांना ते घालतात आणि उरलेल्या पेंढ्या विकून चार पैसे मिळवितात. म्हणून वाढ्याला ‘टाकाऊ’ म्हणणे तितकेसे बरोबर नाही. मात्र तोडणी जोरात असताना गिऱ्हाईक मिळत नाही आणि पुष्कळ वाढे फडातच वाळून पाचटात जमा होते.

वाढ्याचे गुणदोष

वाढ्यात आंबवणीला पुरेशी साखर असते, ही त्याची जमेची बाजू. उणीव प्रथिनांची आहे. शुष्क भागात ती साधारण ५ ते ६ टक्केच असतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीवांना नीट काम करण्यासाठी सुमारे ७ टक्के तरी प्रथिने लागतात. त्यामुळे केवळ वाढ्यावर ठेवलेले जनावर पोट भरूनही खंगते.

दुसरा दोष ऑक्झलेटचा. हे द्रव्य चाऱ्यातील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते शरीराला मिळू देत नाही. दुभत्या गाईच्या दुधातून कॅल्शियम रोजच बाहेर पडत असते, म्हणून तिला याचा फटका अधिक बसतो. यावर क्षारमिश्रण, चुन्याची निवळी आणि लसूणघासासारखा द्विदल चारा हे उपाय केले जातात.

कृती

वाढे तोडल्यानंतर शक्यतो त्याच दिवशी त्याची १ ते २ सेंटिमीटरची कुट्टी करतात. ओलावा ६५ ते ७० टक्के असावा. मुठीत दाबलेला गोळा हळूहळू सुटावा, पण हातातून पाणी निथळू नये, ही शेतकऱ्याची साधी कसोटी.

एक टन कुट्टीस सुमारे ५ किलो युरिया आणि १० ते २० किलो मळी (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक) किंवा गूळ पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्यामुळे ५ किलो युरियातून सुमारे १४ किलो प्रथिनांइतके नत्र मिळते आणि हिशेबाने शुष्क भागातील प्रथिनांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जाते. परंतु युरियापासून निघणारा अमोनिया आम्लता कमी करतो. मळीची जोड हवी ती यासाठीच. उसाच्या साखरेवर यीस्ट वाढून मद्यार्क तयार होतो व पोषणद्रव्ये वाया जातात, त्यालाही युरियामुळे काहीसा आळा बसतो.

यश मुख्यतः दाबण्यावर अवलंबून असते. प्रत्येक थर ट्रॅक्टरने किंवा पायांनी तुडवून हवा काढतात आणि वर प्लॅस्टिकचा कागद पसरून मातीचे वजन ठेवतात. हवा संपताच लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात, सामू ४ च्या जवळ येतो आणि कुजविणारे जीवाणू थंडावतात. सुमारे ४५ दिवसांनी खड्डा उघडता येतो. चांगला मुरघास पिवळसर हिरवा व आंबूस गोड वासाचा असतो. कुबट, लोण्यासारखा खवट वास आल्यास चिखल किंवा जास्त ओलावा शिरला असे समजावे.

इतर दुय्यम पदार्थ

मधुमक्याची कणसे काढून उरलेली हिरवी ताटे उत्तम मुरघास देतात. केळीच्या खोडात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने त्यात कडब्याची किंवा तुरीच्या भुसकटाची कोरडी कुट्टी मिसळावी लागते.

दक्षता

युरिया नीट न विरघळल्यास एखाद्या जनावराच्या वाट्याला त्याचा खडाच येतो व विषबाधा होते. सहा महिन्यांखालील वासरांना युरियायुक्त मुरघास देऊ नये, कारण त्यांचे पोट तो पचविण्यास तयार नसते. घोड्यांनाही तो देत नाहीत. मोठ्या जनावरांना रोज थोडा थोडा वाढवीत आठ-पंधरा दिवसांत पूर्ण मात्रेवर आणतात. बुरशी आलेला भाग निवडून गुरांना घालण्याचा मोह टाळावा. त्यातील अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो.

खड्डा भरल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आत विषारी वायू साचतात. हवेपेक्षा जड असल्याने ते तळाशी राहतात. अर्धवट भरलेल्या खोल खड्ड्यात एकट्याने उतरू नये.