गेर : मंगोलियाचे फिरते घर

मंगोलियातील भटके पशुपालक घोडे, उंट, गाई-याक, मेंढ्या आणि शेळ्या पाळतात. त्यांचे घर म्हणजे ‘गेर’ हा गोल तंबू. आत घडीची लाकडी जाळी, वर मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा आणि दार दक्षिणेकडे. चारा संपला की काही तासांत घर उतरवून कुटुंब पुढे निघते. गेर बांधण्याच्या या कलेला २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले.

प्रवाशाने उंबरठ्यावर पाय न देता आत जावे. मीठ घातलेला दुधाचा चहा लगेच पुढे येतो. हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो आणि पुढचे गेर फार दूर असते. तेथे परक्याला आसरा नाकारणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारी सोडणे. आज दार उघडणारा उद्या स्वतःच वाट चुकलेला असू शकतो, हे प्रत्येक जण जाणतो.