कोल्हे, अमोल रामसिंग
(१८ सप्टेंबर १९८० – ). मराठी दूरचित्रवाणी-नट, निर्माते व लोकसभेचे सदस्य. जन्म पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम्. बी. बी. एस्. ही पदवी संपादन केली. परंतु पुढे वैद्यकीय व्यवसाय सोडून ते अभिनयाकडे वळले. श्रीराम लागू, काशीनाथ घाणेकर, मोहन आगाशे यांच्या रूपाने वैद्यकाकडून अभिनयाकडे येणारी वाट मराठीत आधीच मळलेली होती. मात्र हे तिघेही प्रथम रंगभूमीवर नावारूपास आले. कोल्हे यांना ख्याती लाभली ती दूरचित्रवाणीमुळे, आणि तीही एकाच भूमिकेने.

ती भूमिका म्हणजे स्टार प्रवाह या वाहिनीच्या आरंभकाळातील राजा शिवछत्रपती (२००८-०९) या मालिकेतील छत्रपती शिवाजी महाराजांची. जिजाबाईंच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी, तर शहाजीराजांच्या भूमिकेत अविनाश नारकर होते. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई (१९६५–२०२३) यांनी ही मालिका निर्माण केली आणि तिचे चित्रीकरण त्यांच्याच चित्रनगरीत झाले. ही चित्रनगरी ‘कर्जतचा स्टुडिओ’ म्हणून सर्वत्र ओळखली जात असली, तरी ती चौक–कर्जत रस्त्यावर, खालापूर तालुक्यात आहे. देसाई यांनी ती २००५ मध्ये उभारली. मुंबई–पुणे लोहमार्ग आणि द्रुतगती महामार्ग या दोहोंपासून जवळ असलेली मोकळी जमीन व पाठीमागे सह्याद्रीची रांग, या गोष्टी ऐतिहासिक चित्रणास सोईच्या ठरल्या. जोधा अकबर (२००८) या हिंदी चित्रपटासाठीचे मोगल राजवाड्यांचे नेपथ्यही येथेच उभे राहिले होते. लाकूड, प्लास्टर इत्यादींचे वाडे आणि दरवाजे तेथे उभारले जात. डोंगर मात्र खरे होते. या परिसराचा शिवकालाशी असलेला संबंधही खराच आहे. शिवाजी महाराजांनी फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाच्या सैन्याची कोंडी केली ती उंबरखिंड खालापूर तालुक्यातच आहे, तर चौक हे गाव नेताजी पालकरांचे जन्मस्थान मानले जाते. देसाई यांचा मृत्यू २ ऑगस्ट २०२३ रोजी याच चित्रनगरीत झाला.

पडद्यावरील शिवाजी महाराज मराठी प्रेक्षकांस नवे नव्हते. भालजी पेंढारकरांच्या छत्रपति शिवाजी (१९५२) या चित्रपटात चंद्रकांत मांडरे यांनी ही भूमिका केली होती. परंतु चित्रपटाचा प्रेक्षक दोन-तीन तासांसाठी चित्रपटगृहात जातो, तर मालिकेतील नट महिनोन्‌महिने ठरलेल्या वेळी घरात येतो. त्याच्या कामाची रीतही निराळी असते. नाटकातील नटाला भूमिका तालमींतून मुरवता येते आणि तिचा आरंभ-शेवट आधीच ठाऊक असतो. मालिकेत प्रसंग कथाक्रमाने चित्रित होतातच असे नाही, संवाद पुष्कळदा चित्रीकरणाच्या दिवशीच हाती पडतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या भागाची निकड सदैव पाठीशी असते. अशा घाईत सूक्ष्म छटांपेक्षा स्थिर मुद्रा, डोळ्यांची हालचाल आणि स्वच्छ, ठाम उच्चार हेच नटाला तारून नेतात. कोल्हे यांचे सामर्थ्य नेमके यांतच आहे. त्यांची वाणी वक्त्याची आहे, आणि क्वचित ती संवादाचे भाषणही करून टाकते. पण ज्या व्यक्तीविषयी प्रेक्षकाच्या मनात आधीच भक्तिभाव आहे, तिच्या भूमिकेत हा दोष फारसा जाणवला नाही.

झी मराठी वाहिनीवरील स्वराज्यरक्षक संभाजी (२०१७–२०) या मालिकेत त्यांनी छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका केली. मालिकेच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. लेखन प्रताप गंगावणे यांचे, तर दिग्दर्शन कार्तिक केंढे यांचे होते. वसंत कानेटकरांच्या रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) या नाटकात काशीनाथ घाणेकरांनी रंगविलेला संभाजी उद्विग्न, दुखावलेला पुत्र होता. या मालिकेतील संभाजी हा प्रामुख्याने जाणता राज्यकर्ता व सेनानी आहे. नाट्यमयतेच्या दृष्टीने पहिला अधिक समृद्ध म्हणावा लागेल; मात्र बदनाम ठरविल्या गेलेल्या राजाची नवी प्रतिमा घरोघरी पोहोचविण्याचे कार्य दुसऱ्याने केले. पुढे शिवप्रताप गरुडझेप (२०२२) या आग्र्याहून सुटकेवरील चित्रपटात कोल्हे पुन्हा शिवाजी महाराजांच्या भूमिकेत दिसले.

स्वराज्यरक्षक संभाजी चालू असतानाच, २०१९ मध्ये, शिवसेना सोडून ते राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात आले आणि शिवाजीराव आढळराव पाटील यांचा पराभव करून शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. २०२४ मध्येही ते तेथूनच विजयी झाले. शिवाजी महाराजांचे जन्मस्थान शिवनेरी आणि संभाजी महाराजांची वढू बुद्रुक येथील समाधी ही दोन्ही स्थळे याच मतदारसंघात येतात.

भूमिकेशी झालेल्या या एकरूपतेची दुसरी बाजू जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली. राजकीय पक्षबदलापूर्वी, २०१७ मध्ये चित्रित झालेल्या व्हाय आय किल्ड गांधी या चित्रपटात त्यांनी नथुराम गोडसेची भूमिका केली होती. तो प्रदर्शित होताच त्यांच्यावर टीका झाली. भूमिका करणे म्हणजे त्या व्यक्तीच्या विचारांचे समर्थन नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. पुढे आळंदी येथे आत्मक्लेशही केला. खलनायक रंगविणाऱ्या नटांना हा भेद मराठी प्रेक्षकाने पूर्वी सहज दिला होता. राजांच्या भूमिकांतून लोकप्रतिनिधी झालेल्या नटाला तो तितका सहज मिळाला नाही.

शिवपुत्र संभाजी या महानाट्यातून ते मैदानी रंगमंचावरही संभाजी महाराज म्हणून उभे राहिले. २०२३ मध्ये कराड येथील प्रयोगाच्या वेळी त्यांना दुखापत झाली होती.