आधी गादी, मग अँप्लिफायर

तुमच्या घरी कान पूर्ण झाकणारा एखादा जुना हेडफोन असेल, तर तो हातात घ्या आणि त्याच्या गाद्यांकडे नीट पाहा. दोनतीन पावसाळे काढलेला हेडफोन असला तर गादीवरच्या काळ्या रेक्झिनचे पापुद्रे सुटू लागलेले दिसतील. हे पापुद्रे कानाला, केसांना, शर्टाच्या कॉलरला चिकटतात. आतला स्पंज दबून पोळीसारखा चपटा झालेला असतो. अशा हेडफोनच्या मालकाची एक ठरलेली तक्रार असते : ‘पूर्वीसारखा दणका येत नाही.’ मग कोणीतरी जाणकार त्याला सांगतो, की बाहेरून एक वेगळा अँप्लिफायर जोड. अँप्लिफायर म्हणजे विवर्धक. त्याला काही हजार रुपये पडतात. गाद्यांची जोडी त्या मानाने पुष्कळच स्वस्त. तेव्हा पैसे काढण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा. दणका गेला तो विद्युत् शक्ती कमी पडली म्हणून, की हवेला फट सापडली म्हणून?

याचे उत्तर सायकलच्या पंपातून मिळते. पंपाच्या तोंडावर बोट थोडे सैल धरा आणि दांडा अगदी सावकाश दाबा. हवा बोटाजवळच्या फटीतून फुसफुसत निघून जाते, बोटाला दाब फारसा जाणवत नाही. आता बोट तसेच ठेवून दांडा झटक्यात दाबा. फट तेवढीच आहे, पण हवेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि बोट जोराने ढकलले जाते.

कानावर बसवलेला हेडफोन हा असाच एक छोटा पंप आहे. त्यातील पातळ पडदा म्हणजे दट्ट्या. गादी, कान आणि पडदा यांच्यामध्ये कोंडलेली हवा म्हणजे पंपातील हवा. पडदा पुढे आला की हवेचा दाब वाढतो, मागे गेला की कमी होतो आणि हा चढउतार आपल्याला ध्वनी म्हणून ऐकू येतो. ५० हर्ट्झ कंप्रतेच्या (पाठ्यपुस्तकात हिला वारंवारिता म्हटले आहे) खर्ज स्वरात पडदा एका दिशेने जाण्यास १/१०० सेकंद घेतो. २,००० हर्ट्झच्या स्वरात तेच काम १/४,००० सेकंदात उरकते. गादीला फट असेल तर पहिल्या स्वराच्या वेळी हवेला निसटायला चाळीस पट वेळ मिळतो. म्हणून फुटकी गादी सगळा आवाज सारखा कमी करीत नाही. ती नेमका खर्ज चोरते. ढोलाचा आणि डग्ग्याचा घुमारा जातो, गायकाचे शब्द मात्र पूर्वीइतकेच स्पष्ट राहतात. (कंप्रता फार वाढली, की ध्वनीची तरंगलांबी हेडफोनच्या वाटीएवढी होते व हा पंपाचा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण तेथे फटीचा उपद्रवही उरत नाही.)

पडद्याला हलावे तरी किती लागते? गणित करून पाहू. ९४ डेसिबेल हा बराच मोठा आवाज. त्यातील दाबाचा चढउतार एक पास्कल असतो. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल, म्हणजे आपल्याला दाबात फक्त एक लक्षांश बदल हवा आहे. गादीच्या आत ४० घन सेंटिमीटर हवा कोंडली आहे असे धरा. बॉइलच्या नियमाप्रमाणे तिचे आकारमान ०.०००४ घन सेंटिमीटरने बदलले पाहिजे. चार सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की पडद्याची हालचाल येते एका मायक्रोमीटरचा तिसरा हिस्सा! आपल्या डोक्याचा केस याच्या दोनशे पट जाड असतो. (वरच्या वर्गातील चिकित्सक विद्यार्थी म्हणतील, की इतक्या जलद दाबण्यात उष्णतेला बाहेर पडायला सवड नसते, तेव्हा बॉइलचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. खरे आहे, वरच्या उत्तराला १.४ ने भागा.) इतकी नाजूक हालचाल पुरते, ती केवळ हवा कोंडलेली असते म्हणून. कोंडणारी भिंत, म्हणजे गादी, खचली की हे सारे गणित कोसळते.

खात्री करून घ्यायची असेल तर साधा प्रयोग आहे. मोबाइलवर स्वर निर्माण करणारे एखादे मोफत अॅप घ्या. आवाज कमी ठेवून प्रथम ५० हर्ट्झचा स्वर लावा आणि एका बाजूच्या गादीखाली पेन्सिल सरकवा. स्वर जवळजवळ नाहीसा होईल. मग तोच प्रयोग १,००० हर्ट्झवर करा. फरक थोडासाच जाणवेल. चष्मा वापरणाऱ्यांच्या बाबतीत ही पेन्सिल कायमचीच असते! माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याला उजव्या कानात खर्ज कमी येई. हेडफोन बिघडला असे तो समजत होता. चष्मा काढून ऐकायला सांगितले, तेव्हा दोष चष्म्याच्या जाड काडीचा निघाला.

गादी बिघडते कशी?

बहुतेक गाद्यांवरचे ‘चामडे’ म्हणजे कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. या बहुवारिकाच्या लांब साखळीत एस्टर जातीचे बंध असतील, तर हवेतील पाण्याची वाफ ते हळूहळू तोडते. याला जलीय विच्छेदन म्हणतात. घाम आणि केसांचे तेल त्यात भर घालतात. कोकणात आणि मुंबईत ही क्रिया लवकर घडते, विदर्भातील कोरड्या हवेत उशिरा. गंमत अशी, की हेडफोन न वापरता कपाटात ठेवला तरी ती थांबत नाही. बरीच वर्षे पडून राहिलेल्या बुटांचा तळ पहिल्याच दिवशी भुगा होऊन गळून पडतो, त्याचे कारणही हेच. म्हणून स्वस्तात मिळतात म्हणून गाद्यांच्या चार जोड्या घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

नवी गादी निवडताना नुसता बाहेरचा व्यास जुळून चालत नाही. जाडीही जुळली पाहिजे. गादी जाड झाली की पडदा कानापासून दूर जातो, कोंडलेली हवा वाढते आणि आवाजाचा पोत बदलतो. मखमलीची गादी उन्हाळ्यात फार सुखाची, पण मखमलीतून हवा आरपार जाते. बंद पाठीच्या हेडफोनला रेक्झिनऐवजी मखमल लावली तर खर्ज बहुधा कमी होतो आणि आपण पुन्हा पहिल्या ठिकाणी येतो. मुळातच मखमलीची गादी धरून ज्यांची रचना केली आहे अशा हेडफोनची गोष्ट वेगळी. माझे मत विचाराल तर मूळ गादीसारखीच गादी घ्यावी, प्रयोग नंतर करावेत.

गादी बदलणे अवघड नाही. पुष्कळ हेडफोनमध्ये गादीच्या मागे रेक्झिनची पातळ झालर असते आणि ती वाटीच्या कडेच्या खाचेत ताणून बसवलेली असते. जुनी गादी एका जागी चिमटीत धरून ओढली की ती सुटत जाते. नवी बसवताना झालर एका बाजूला खाचेत अडकवा, तेथे अंगठा दाबून धरा आणि उरलेली झालर थोडी थोडी ताणत फिरवा. शेवटचा भाग फार हट्टी असतो. तेथे मुदत संपलेले प्लास्टिकचे एटीएम कार्ड कामाला येते. स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नको. तो निसटला तर सरळ पडद्यात घुसेल. काही हेडफोनमध्ये गादी प्लास्टिकच्या कड्यावर असते व ते कडे खटक्याने बसते किंवा थोडे फिरवून सुटते. आधी नीट पाहावे, मग जोर लावावा. काम करताना टेबल स्वच्छ हवे, कारण पडद्यामागे चुंबक आहे. लोखंडाचा कीस किंवा बारीक स्क्रू तो ओढून घेतो. पडद्यावर केस पडला असेल तर मऊ ब्रशाने अलगद काढा. असा एक केस खर्ज स्वरात चरचर आवाज करतो आणि लोक हेडफोन फुटला असे समजतात. गादी एका बाजूला जास्त जाड असेल तर जाड बाजू कानाच्या मागे येऊ द्या.

अँप्लिफायर कोणाला लागतो?

आता गादी नवी आहे आणि तरीही आवाज कमी वाटतो असे समजू. येथे दोन आकडे पाहावे लागतात : संवेदनशीलता आणि संरोध. प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याला संरोध म्हणतात आणि तो ओहममध्येच मोजतात. जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीचा ‘डीटी ७७० प्रो’ हा हेडफोन ८० आणि २५० ओहम अशा दोन्ही संरोधांत निघाला. दोहोंची संवेदनशीलता एकच : एक मिलिवॉट शक्तीला ९६ डेसिबेल. शक्ती दसपट झाली की १० डेसिबेल वाढतात, दुप्पट झाली की फक्त ३. तेव्हा ७६ डेसिबेलच्या, म्हणजे आरामात ऐकण्याच्या पातळीला, एक मिलिवॉटचा शंभरावा भाग पुरतो. दहा मायक्रोवॉट! इतक्या कमी शक्तीवर ऐकण्याचा इतिहास जुना आहे. १९२७ साली मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळचे स्फटिक-संच बॅटरीशिवाय चालत. एरियलमधून येईल तेवढ्याच शक्तीवर हेडफोन बोलू लागे, विवर्धक नसेच.

पण संगीतात क्षणिक मोठे आघात असतात. ते ११० डेसिबेलपर्यंत जातील असे फार उदारपणे धरले, तर १४ डेसिबेल जास्त, म्हणजे २५ मिलिवॉट शक्ती हवी. शक्ती बरोबर विद्युत् दाबाचा वर्ग भागिले संरोध, हे सूत्र वापरा. ८० ओहमला सुमारे १.४ व्होल्ट लागतात, २५० ओहमला २.५ व्होल्ट. मोबाइलच्या हेडफोन-जॅकमधून साधारणपणे अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. एक व्होल्टवर २५० ओहमच्या हेडफोनला ४ मिलिवॉट मिळतात, म्हणजे कमाल १०२ डेसिबेल. चित्रपटगीतांना हे भरपूर झाले. फक्त ज्या ध्वनिमुद्रणात मूळ आवाज हळू आणि आघात फार मोठे आहेत, तेथे ताण पडेल. अर्ध्या व्होल्टवर ९६ डेसिबेलच मिळतात. अशा वेळी २५० ओहमवाल्याने अँप्लिफायर घेतला तर मी त्याला उधळ्या म्हणणार नाही. नुसत्या संरोधावरून मात्र निर्णय करू नये. प्लेनर जातीचे काही हेडफोन कमी संरोधाचे असूनही संवेदनशीलता कमी असल्यामुळे बरीच शक्ती मागतात.

शिक्षकांनी हे वर्गात मोजून दाखवावे. मोबाइलवर ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा स्वर लावा, आवाज पूर्ण वाढवा आणि दोन व्होल्टच्या प्रत्यावर्ती पल्ल्यावरील मल्टिमीटर जॅकच्या टोकाला व बुडाला लावा. या वेळी हेडफोन कोणाच्याही कानावर नको.

दुसरे कारण थोडे सूक्ष्म आहे. आवाज देणाऱ्या यंत्राला स्वतःचाही संरोध असतो. समजा तो ५० ओहम आहे आणि हेडफोनचा संरोध एरवी ३२ ओहम, पण १०० हर्ट्झजवळ अनुस्पंदनामुळे ८० ओहम होतो. दाबाची वाटणी करा : पहिल्या वेळी हेडफोनला ३२/८२ भाग मिळतो, दुसऱ्या वेळी ८०/१३०. फरक ४ डेसिबेलचा, म्हणजे १०० हर्ट्झचा भाग उगाच फुगतो. एक ओहम संरोधाचा चांगला अँप्लिफायर लावला तर हाच फरक ०.२ डेसिबेलहूनही कमी होतो. तिसरे कारण लॅपटॉपमधून येणारी खरखर. तेथे वेगळे यंत्र खरोखर उपयोगी पडते. ब्लूटूथ हेडफोनमध्ये अँप्लिफायर आतच असतो, त्यामुळे बिनतारी ऐकणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. गादीचा प्रश्न मात्र आहेच.

फाटक्या गादीवर अँप्लिफायर लावला तर काय होईल? खर्ज आणि बाकीचे स्वर सारखेच वाढतील. हरवलेला खर्ज कानाला पुरेसा वाटेपर्यंत आपण आवाज वाढवत जाऊ आणि तोवर मधले स्वर कानठळ्या बसवू लागतील. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबेल ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबेल ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबेलला प्रौढांनाही आठवड्याचे चारच तास उरतात. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

गादी बदलण्यापूर्वी तुमचे नेहमीचे एक गाणे लावा आणि मोबाइलवरील आवाजाची पट्टी किती घरांवर ठेवता ते वहीत लिहा. नवी गादी चारपाच दिवस वापरून कानाभोवती नीट बसली, की तेच गाणे पुन्हा लावून नवा आकडा त्याच्या शेजारी लिहा.